अठ्ठेचाळीस युनिटांची बाई

वेल्को दर्मेनकोव्हचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक म्हणजे मीटरला लावलेलं शिशाचं सील आणि दुसरी म्हणजे स्वतःचा अंगठा. सीलवरून अंगठा फिरवला की ते मूळचं आहे की कुणी तापवून पुन्हा बसवलंय, हे त्याला डोळे मिटून कळायचं. बाकी माणसं, त्यांचे हसरे चेहरे, त्यांनी पुढे केलेली कॉफी, यांच्याबद्दल त्याचं मत मुळातच वाईट होतं. लहानपणी आजीबरोबर चर्चमध्ये जायचा तेव्हा सगळे डोळे मिटून उभे असत आणि हा मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीकडे टक लावून बघत असे. ती अर्धी जळलेली मेणबत्ती विझवते, खालून कापते आणि पुन्हा विकते, असा त्याचा संशय होता. आणि ती खरंच तसं करत होती. आठव्या वर्षी पहिलाच संशय खरा ठरला की माणूस जन्माचा बिघडतो, तसा तो बिघडला.

वीज कंपनीच्या तपासणी पथकात त्याला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्याने चोरट्या तारा संत निकोलाच्या तसबिरीमागून काढल्या, कुत्र्याच्या खोपट्याखालून काढल्या, आणि एकदा तर एका पाद्र्याच्या तळघरातल्या कोबीच्या पिंपामागून काढल्या. मीटरवर लोहचुंबक ठेवणारे तर पायलीचे पन्नास. त्यातून त्याने एक नियम बांधला होता. घरातलं माणूस मेलेलं नाही, परदेशी गेलेलं नाही, आणि तरी वापराचा आकडा एकाएकी उतरला, तर तिथे पाणी मुरतंय. हा नियम कधी चुकला नव्हता. घरी बायकोने, रोझाने, नवा स्वेटर विणायला घेतला तरी लोकर कुठून आली हे तो आडून आडून विचारायचा. ती म्हणायची, "माझ्या पाठीला पण एक सील ठोकून घे, म्हणजे तुला झोप लागेल."

कंपनीचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि ते त्याला योग्यच वाटायचं. तपासणीला नेहमी दोघांना पाठवत, म्हणजे एकाने लाच घेतली तर दुसरा बघेल. त्याचा जोडीदार तानास हा सूर्यफुलाच्या बिया सोलत फिरणारा जाडजूड, आळशी माणूस. नऊ वर्षं दोघं एका गाडीत बसत होते आणि नऊ वर्षं एकमेकांच्या खिशांवर डोळा ठेवून होते.

नोव्हेंबरच्या यादीत सर्वांत वर एक नाव आलं. गेर्गिना पास्कोव्हा, तिसरी इमारत, 'ब' जिना, चौथा मजला. महिन्याला अडीचशे युनिटं वापरणारी बाई वर्षभरात घसरत घसरत अठ्ठेचाळीसवर आली होती.

हे गाव कोळशाचं. कुठल्याही स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाळत घातलेली चादर संध्याकाळी करडी होऊन आत येते. ज्या घरातला एक माणूस खाणीत नाही, त्याचा एक माणूस केंद्रात असतो. वीज आपल्याच चिमणीखाली होते, मग काटकसर कुणासाठी करायची, असा गावाचा साधा विचार. गिझर चोवीस तास चालू, शरदात प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजायची विजेची भट्टी, थंडीत खोलीगणिक शेगडी. अशा गावात अठ्ठेचाळीस युनिटं म्हणजे थडग्यातल्या माणसाचा वापर. वेल्कोने यादीवर बोट ठेवलं आणि त्याला बरं वाटलं. हे काम सोपं होतं.

त्यातून ती त्या जिन्याची व्यवस्थापक निघाली. एकोणीस वर्षं अठरा घरांनी तिलाच निवडून दिलं होतं. जिन्याचे दिवे, छपराची गळती, झाडलोट, सगळं तिच्याकडे. आणि तळमजल्यावरच्या मीटरच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडे.

"चोराच्याच हातात किल्ली," गाडीतून उतरताना तानास म्हणाला. "निदान दार फोडायचा त्रास तरी वाचला असेल बिचारीचा."

वेल्कोने कपाट उघडवून सीलवरून अंगठा फिरवला. सील मूळचं होतं. याचा अर्थ एवढाच, की चोरी वर घरात आहे.

गेर्गिना चौसष्ट वर्षांची, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. केंद्रात कोळसा वाहून नेणारा जो पट्टा आहे, त्याच्या काठावरच्या खोपटात बसून तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोळशातून दगड किंवा लोखंड आलं की पट्टा थांबवायचा, ते बाजूला करायचं, पुन्हा चालू करायचा, हे तिचं काम. तिने दोघांना आत घेतलं, कॉफी विचारली, ती वेल्कोने नेहमीप्रमाणे नाकारली, आणि मग ती भिंतीला टेकून बघत उभी राहिली.

त्याने भिंती ठोकल्या, फरशा ठोकल्या, दिव्याची बटणं उघडली. फ्रिज बंद होता आणि त्याचं दार कापडाने उघडं ठेवलेलं होतं. दूध, चीज, सॉसेज बाल्कनीत एका जाळीच्या पेटीत. गिझर थंड. इस्त्रीवर धूळ. एका कोपऱ्यात छोटी लोखंडी शेगडी, तिच्यात मळ्यातल्या द्राक्षवेलींची छाटणी जळत होती. तानास कुजबुजला, की एवढी नाटकं फक्त चोरच करतो. वेल्कोलाही तसंच वाटलं. मग झोपायच्या खोलीत त्याला पलंगावर गोधडीखाली एक मोठा गोल उंचवटा दिसला. त्याने हात लावला. गरम होता.

त्याने तानासला साक्षीला बोलावलं, वही उघडायला लावली आणि गोधडी खसकन ओढली. आत आणखी एक गोधडी, तिच्या आत जुना कोट, आणि कोटात राजम्याचं पातेलं.

"झाकण उघडू नकोस," गेर्गिना दारातून म्हणाली. "एक उकळी आणून ठेवलंय. आपोआप शिजतंय, अजून दोन तास लागतील. खायला थांबणार असाल तर ताटं मांडते."

तानास एवढा हसला, की त्याच्या तोंडातल्या बिया चटईवर पडल्या. वेल्को हसला नाही. त्याने पातेलं उचलून खालून बघितलं, मग पलंग सरकवून मागे बघितलं. काही नव्हतं. बावीस वर्षांत तो प्रथमच रिकाम्या हाताने खुर्चीवर बसला आणि त्याने तिला सरळ विचारलं, की ताई, हे काय चाललंय.

तिने सांगितलं. टीव्हीवर ऐकलेलं काही तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, की पट्ट्याजवळ बसून बसून एका युनिटला किती कोळसा जातो हे तिला पाठ झालंय. दीड किलोच्या वरच. अठ्ठावीस वर्षं तो कोळसा तिच्या नजरेखालून आत गेला आणि चिमणीतून वर गेला. तीन हिवाळे बर्फ पडलं नाही. मळ्यातली विहीर, जी तिच्या सासऱ्यानेही कधी कोरडी पाहिली नव्हती, ती जुलैतच आटते. एवढं सगळं वर पाठवण्यात आपला हात होता हे तिला खुपायला लागलं. म्हणून ती आपल्या वाटणीचं जेवढं थांबवता येईल तेवढं थांबवते.

"आणि तुम्ही एकट्या थांबवून काय होणार आहे?" वेल्को म्हणाला. "तुम्ही न वापरलेली वीज सीमेपलीकडे ग्रीसला जाते. तिथे कुणाचा तरी एसी चालतो."

"जात असेल."

"मग?"

"मी हिशेब केलाय. वर्षाचा माझा वाचलेला कोळसा म्हणजे चार टन. पट्टा ते बारा सेकंदांत नेतो."

"बारा सेकंद."

"हो. वर्षाला बारा सेकंद," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ना अभिमान होता ना लाज.

तानास म्हणाला, की त्याला शिंकून नाक पुसायला याहून जास्त वेळ लागतो. वेल्कोला मात्र या उत्तराने अस्वस्थ केलं. खोटं बोलणारा माणूस आकडा फुगवून सांगतो. बारा सेकंद हा कुणी बनवून सांगावा असा आकडा नव्हता. पण मग लगेच त्याला वाटलं, की पक्का चोर नेमकं हेच ओळखून असणार. शेजाऱ्यांनी तर आधीच तर्क लढवले होते. कुणी म्हणे तिला युरोपीय संघाचे ब्रुसेल्सवाले पैसे देतात, केंद्र बंद पाडायला. ज्या केंद्राने पोसलं त्याच्याच ताटात माती कालवते, असंही कुणी म्हणे.

ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिने एकच गोष्ट मागितली. "काही सापडलं नाही असं कागदावर लिहून दे. मी खाली दारावर लावते. तुमची गाडी सगळ्यांनी बघितलीय. मला चोर म्हणवून या जिन्यात राहायचं नाही, वेल्को. माझ्याकडे लोकांच्या किल्ल्या आहेत."

तो कागद द्यायला त्याचा हात धजला नाही. आज लिहून दिलं आणि उद्या तार सापडली तर लोक म्हणतील वेल्कोने पैसे खाल्ले. त्याने तिचं मीटर काढून प्रयोगशाळेत पाठवलं, त्या जागी दुसरं बसवलं आणि सांगितलं, की निकाल आला की बघू. अठरा घरांच्या देखत त्याने मीटर पिशवीत घालून नेलं.

त्यानंतर 'ब' जिन्यात जे झालं, ते वेल्कोला फार उशिरा कळलं. तिथल्या लोकांनी अगदी सरळ विचार केला. वेल्को दर्मेनकोव्ह आला, दोन तास घर उलटंपालटं केलं, आणि दंड न करता नुसतं मीटर घेऊन परत गेला. ज्याने पाद्र्याला पकडलं त्याला ही बाई सापडत नाही. म्हणजे हिची युक्ती किती भारी असली पाहिजे.

दुसऱ्या मजल्यावरची झिव्का, जिचा नवरा खाणीत यंत्र चालवतो, ती सर्वांत आधी चीजचे समोसे घेऊन वर गेली आणि मावशी मावशी करत युक्ती विचारू लागली. गेर्गिनाने तिला खरं ते सगळं सांगितलं. गिझर दोन दिवसांतून एकदा तासभर, फ्रिज हिवाळाभर बंद, पातेलं गोधडीत. झिव्काने मान डोलावली आणि खाली येऊन नवऱ्याला म्हणाली, की म्हातारी ताकास तूर लागू देत नाही. पण नवरा तिच्याहून हुशार. त्याचं म्हणणं, की हा सगळा देखावा युक्तीचाच भाग असणार. गिझर बंद असताना काहीतरी होतं, त्याशिवाय ती तो बंद का ठेवील? आपण तिच्यासारखं तंतोतंत करत राहू. करता करता कळेल.

मग एकाचं बघून दुसऱ्याने केलं. राजमा पलंगात गेला. फ्रिजची दारं कापडाने उघडी राहिली. न्हाणीबाहेरच्या गिझरच्या बटणांवरचे लाल दिवे विझले. कुणी कुणाशी उघड बोलत नव्हतं, जिन्यात भेटले की नुसते डोळे मिचकावत. आपण कंपनीला फसवतोय या विचाराने ती माणसं थंड पाण्याने भांडी घासत होती आणि खुशीत होती. हवामानासाठी करा म्हटलं असतं तर त्यांनी बाईला वेड्यात काढलं असतं.

पण याच कौतुकाला दुसरी बाजू होती. चोर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे घराची किल्ली कोण ठेवणार? तीन घरांची माणसं जर्मनीत आणि स्पेनमध्ये कामाला होती. झाडांना पाणी घालायला, पत्रं उचलायला त्यांच्या किल्ल्या वर्षानुवर्षं गेर्गिनाकडे असत. नाताळात ती माणसं घरी आली आणि जाताना दोघांनी गोड बोलून किल्ल्या मागून घेतल्या. तिसऱ्याने कुलूपच बदललं आणि तिला सांगितलंही नाही. पाणी घालायला गेली तेव्हा किल्ली फिरेना. ती तिथेच पायरीवर बराच वेळ बसून होती, असं झिव्कानेच मागाहून हसत हसत कुणाला तरी सांगितलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेल्कोच्या यादीत 'ब' जिन्यातली चौदा घरं एकदम आली. त्याच दिवशी प्रयोगशाळेचं पाकीटही आलं. मीटर निर्दोष. वेल्कोने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो टोळीचा. ही बाई आता शिकवण्या घेतेय.

तो आणि तानास सकाळपासून दार दार फिरले. प्रत्येक घरात तेच. थंड गिझर, बंद फ्रिज, पलंगावर उबदार गाठोडं. तार नाही, चुंबक नाही. आणि प्रत्येक घरात माणसांचे चेहरे मात्र चोराचे. कुणी घाम पुसतंय, कुणी उगाच हसतंय. झिव्काचा नवरा तर छाती काढून म्हणाला, "शोधा की साहेब. हवं तेवढं शोधा. नाही सापडायचं." वेल्कोने आयुष्यात साव असल्याचा आव आणणारे चोर हजार पाहिले होते. चोर असल्याचा आव आणणारे साव तो पहिल्यांदाच बघत होता. दुपारपर्यंत त्याला सगळं उमगलं आणि तो जिन्यातच थांबून कठड्याला धरून उभा राहिला. या लोकांनी काहीच चोरलं नव्हतं, आणि हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

तानासला मीटरचे आकडे उतरवायला खाली गाडीत पाठवून तो एकटाच चौथ्या मजल्यावर गेला. नियमात ते बसत नव्हतं.

गेर्गिना वाळली होती. त्याने प्रयोगशाळेचा निकाल आणि स्वतःच्या सहीचा कागद तिच्या हातात दिला. ग्राहक गेर्गिना पास्कोव्हा यांच्याकडे कोणताही गैरप्रकार आढळला नाही, आधीचा संशयही निराधार होता, असं त्यात लिहिलं होतं. असा कागद त्याने बावीस वर्षांत कुणाला दिला नव्हता. तिने हात एप्रनला पुसून तो दोनदा वाचला. मग खणातून चिकटपट्टी काढली.

वेल्कोला गप्प बसवलं नाही. त्याने तिला सांगितलं, की खालच्या चौदा घरांत तिचं कसं अनुकरण चाललंय आणि का चाललंय. त्याला वाटलं ती चकित होईल. ती झाली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "झिव्का रोज माझ्या कचऱ्याची पिशवी उघडून बघते."

"मग आता बघू दे की हा कागद."

तिने चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि तो बोटावरच राहू दिला. "किती उतरलंय चौदा घरांचं मिळून?"

त्याने वही काढून आकडा सांगितला. ती ओठ हलवत हिशेब करत राहिली.

"असंच वर्षभर राहिलं तर दोन मिनिटं होतात," ती म्हणाली. "वेल्को, पट्टा दोन मिनिटं थांबला ना, की घंटा वाजायची. वरचे साहेब चहा टाकून धावत यायचे, काय झालं, काय झालं म्हणून. माझ्या अठ्ठावीस वर्षांत असं पाच-सहा वेळाच झालं."

"वीज तरीही ग्रीसला जाईल, ताई."

"जाऊ दे. दोन मिनिटं ती दोन मिनिटंच." ती खुर्चीवर बसली. कागद तिने मांडीवर ठेवला आणि त्याच्या कडा तळहाताने सरळ करत राहिली. "हा खाली लावला की संध्याकाळपर्यंत सगळे गिझर चालू होतील. युक्ती नाहीये म्हटल्यावर कोण थंड पाण्यात हात घालतंय? मी प्रामाणिक आहे एवढं कळलं, की माझं कुणी ऐकणार नाही."

मग ती रडली. हुंदके देऊन नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि तिने ते पुसलंही नाही. त्या कुलूप बदललेल्या माणसाचं नाव तिने घेतलं. त्याच्या मुलीला तिने शाळेत नेऊन सोडलं होतं, चार वर्षं. वेल्कोला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने पाहिलेल्या सगळ्या रडण्यात काहीतरी लपवलेलं असायचं. या रडण्यात तसं काहीच नव्हतं, आणि त्याला त्याचं काय करावं हे कळेना. आपण नोव्हेंबरातच चार ओळी लिहून दिल्या असत्या तर, हा विचार त्याला बोचत राहिला.

तिने चिकटपट्टीचा तुकडा चोळून गोळी केली, कागदाची घडी घातली आणि ती त्याच्यापुढे धरली.

"तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिला तर एखाद्या दिवशी मी लावीन."

त्याने तो आतल्या खिशात ठेवला आणि निघाला. ती त्याला दारापर्यंत सोडायला आली. दुसऱ्या मजल्यावर झिव्का हातात कोरडी बादली घेऊन उगाच पायऱ्यांवर उभी होती. तिने वर बघितलं, आवाज खाली केला.

"काय वेल्कोभाऊ? या खेपेला तरी सापडली का मावशीची युक्ती?"

वेल्को थांबला. माणूस खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात त्याचं अख्खं आयुष्य गेलं होतं. त्याने स्वतः कामावर असताना कधी खोटं सांगितलं नव्हतं. खिशातला कागद त्याला छातीशी लागत होता.

"नाही सापडली," तो म्हणाला, आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढे म्हणाला, "पण चोर आहे. अशी पक्की चोर मी बावीस वर्षांत पाहिली नाही."

झिव्काचा चेहरा समाधानाने फुलला. वर चौथ्या मजल्यावरचं दार अजून उघडंच होतं. थोड्या वेळाने ते हळूच लागलं.